चाड्यावर मूठ

आमच्या गावच्या चर्चमधे पंखे यायच्या आधीची गोष्ट आहे. पाऊस एकदा पडून गेलेला, लोकांनी घाईघाईत बाजरी पेरून टाकलेली आणि मग पावसानं जी दडी मारली ती मारलीच, रोज ढग यायचे आणि पाथर्डीच्या डोंगराकडे निघून जायचे. अशा रविवारी पाळकसाहेबांनी काढला पेरणाऱ्याचा दाखला. एक पेरणारा पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांमधे आणि काही चांगल्या जमिनीत. पाळकसाहेब शिकून आलेले, आवाज चांगला, आता वाट म्हणजे कोणतं मन आणि खडक म्हणजे कोणतं मन हे सांगायला त्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी आज्जी शेजारणीला म्हणाली, तिच्या मते हळू आवाजात, "मुडद्याला चाड्यावर मूठ धरता येत नव्हती का?"

बायकांनी तोंडात पदर कोंबले. मी पुरुषांच्या बाजूला आजोबांच्या मांडीला टेकून बसलो होतो, मला विनोद कळला नाही पण आजोबांचं पोट हललेलं पाठीला जाणवलं.

शहरातल्यांसाठी सांगतो. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, प्रत्येक फणाला पोकळ नळी, त्या तिन्ही नळ्या वर येऊन एका लाकडी वाडग्याला जोडलेल्या, ते चाडं. चालत्या तिफणीमागं चालत त्या चाड्यात मुठीतून बी सोडायचं, बोटांच्या फटीतून, ना जास्त ना कमी, तिन्ही भोकांत सारखं. हे ज्याला जमतं तो चाड्यावर मूठ धरतो. गावात हे काम येरागबाळ्याला देत नाहीत कारण मूठ चुकली तर सगळा हंगाम रानात दिसतो, एक ओळ दाट, एक ओळ फुटकी. आज्जीची मूठ नावाजलेली होती, लोक तिला पेरणीला बोलवायचे, दुसऱ्यांच्या रानात अर्थात, आमची स्वतःची जमीन म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाची दोन एकर हलकी, त्यात काय मूठ दाखवणार. तर अशा बाईला तुम्ही सांगताय की एक माणूस पेरायला निघाला आणि त्याचं चाराला तीन भाग बी वाया गेलं, आणि तो गोष्टीचा हिरो आहे.

पुढं बरीच वर्षं मला ही आज्जीची गंमत म्हणून सांगायला आवडायची. आता मात्र वाटतं की त्या दिवशी त्या चर्चमधे दाखला नीट ऐकला असेल तर तो आज्जीनंच, कारण तिला तो खटकला.

दाखला हा शब्दही बघा ना. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याकडं चकरा मारून मिळणारा कागद, आणि येशूनं सांगितलेल्या गोष्टी, मराठी ख्रिस्ती माणसाला दोन्हीसाठी एकच शब्द. लहानपणी मला खरंच वाटायचं की येशू सरकारी माणूस असावा. शब्द मुळात बरोबर आहे, दाखला म्हणजे दाखवून दिलेलं उदाहरण, पण कागदाची सवय अशी लागते की आपण गोष्टीकडूनही शिक्का मागतो. याचा अर्थ काय, सही करा. आपल्याकडं तेराव्या शतकात चक्रधरस्वामी दृष्टांत सांगायचे, त्यांच्या पंथातल्या केशिराजांनी त्यातले ११४ एकत्र केले, त्यांची बांधणी ठरलेली, आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लागू करायचं ते. येशूच्या बऱ्याच दाखल्यांना दार्ष्टांतिकच नाही. गोष्ट सांगतो आणि म्हणतो, ज्याला कान आहेत तो ऐको. संपलं. पेरणाऱ्याच्या दाखल्याला आहे, मार्कनं लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शिष्य एकांतात विचारतात आणि तो फोड करून सांगतो, आणि माझ्या मते तिथूनच आपल्याला सगळीकडं फोड शोधायची खोड लागली.

मलाही लागली होती. पुण्यात आल्यावर मी काही वर्षं संडेस्कूल घ्यायचो. एकदा मोठ्या हौसेनं कार्डशीटवर तक्ता केला, डाव्या बाजूला चित्र, उजव्या बाजूला अर्थ. बी म्हणजे वचन, काटे म्हणजे संसाराची चिंता, पाखरं म्हणजे सैतान. हे मनाचं नाही बरं का, मार्कमधे तसं स्पष्ट लिहिलंय, वाटेवरचं बी पाखरं खातात तसा सैतान वचन उचलून नेतो. पुढच्या रविवारी मोहरीच्या दाण्याचा दाखला आला, तोही त्याच अध्यायातला, पंधरा-सतरा ओव्या खाली, देवाचं राज्य मोहरीच्या दाण्यासारखं, पेरला तेव्हा सगळ्यात बारीक, वाढला की एवढा मोठा की आकाशातली पाखरं त्याच्या सावलीला येऊन राहतात. आणि आठ-नऊ वर्षांची एक पोरगी म्हणाली, "दादा, मग त्या झाडावर सगळे सैतान बसलेत का?"

तक्ता गुंडाळून ठेवला तो अजून माळ्यावर असेल.

त्या पोरीनं जे विचारलं त्याचं उत्तर देता देता मला कळलं की या गोष्टींतल्या निसर्गाची डिक्शनरी करता येत नाही. एका ठिकाणी पाखरं चोर, एका ठिकाणी पाहुणे, आणि मत्तयच्या सहाव्या अध्यायात तीच पाखरं पेरत नाहीत कापत नाहीत कोठारात साठवत नाहीत तरी देव त्यांना खाऊ घालतो. हे तिसरं वाक्य तर शेतकऱ्याला चिडवायलाच सांगितल्यासारखं आहे, कारण देव त्यांना खाऊ घालतो ते कुणाच्या रानातून? ज्वारी हुरड्यावर आली की आज्जी पहाटेपासून रानातल्या राखणीच्या माळ्यावर उभी, हातात गोफण, घसा बसेपर्यंत हाळ्या, कारण चिमण्यांचा एक थवा बसला की कणसाचं नुसतं बुरकुंड उरतं. तिच्यासमोर पाखरांची स्तुती करायची म्हणजे उंदराची स्तुती करण्यासारखं. आणि येशूच्या गालील प्रांतातले ऐकणारे काही वेगळे नव्हते. तेही सारा भरणारे, धान्याचा दशमांश मंदिराला, वरून तिथला शासक हेरोद अंतिपाचे कर, त्यातले कित्येक दुसऱ्याची जमीन कसणारे नाहीतर रोजावर जाणारे. त्यांना कुणी सांगतंय की राज्य आलं की पाखरं येऊन बसतील. ते नक्की एकमेकांकडं बघून हसले असतील, जसा त्या दिवशी बायकांनी पदर कोंबला.

मोहरीचं आणखी सांगतो कारण त्यावर माझा जीव आहे. आमच्या आत्या पवित्र भूमीच्या टूरला जाऊन आल्या तेव्हा त्यांनी एका कार्डावर चिकटवलेले मोहरीचे दाणे आणले, खाली वचन छापलेलं. आईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली ही आपली फोडणीचीच आहे की. तसं तंतोतंत नाही, आपल्या डब्यातली बहुतेक मोहरी वेगळ्या जातीची आणि तिकडं ज्या झाडाबद्दल अभ्यासक बोलतात ती काळी मोहरी, पण बहिणीच म्हणा. तर मी डब्यातली चिमूटभर मोहरी बाल्कनीतल्या कुंडीत टाकली, ऑक्टोबरमधे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आली. डिसेंबरात कमरेला लागली, पिवळी फुलं, मग शेंड्याला मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, असा चिकटला की बोट लावलं तर चिकट हिरवं पाणी. साबणाचं पाणी मारलं. झाडाला लाकूड म्हणून काही नाही, एक दांडा आणि त्याच्या काटक्या, वारा आला की सगळं कुंडीबाहेर लवायचं. घरटं सोडा, एक चिमणी शेंगा टोचायला यायची ती बसल्या बसल्या फांदीसकट खाली जायची आणि दचकून उडायची. मी चहाचा कप घेऊन हे रोज बघायचो आणि मला येशूची गंमत हळूहळू कळायला लागली.

तिकडची काळी मोहरी माणसाच्या डोक्यावर जाते, दोन-तीन मीटर होते, पण ती वर्षायूच, हंगाम संपला की वाळून जाते. मार्क म्हणतो ती सगळ्या भाज्यांमधे मोठी होते, इथवर ठीक. मत्तय आणि लूक सरळ म्हणतात तिचं झाड होतं. राईचा पर्वत करू नको असं आपण म्हणतो, इथं राईचा वृक्ष केलाय. आणि का केलाय ते जुना करार वाचणाऱ्याला कळतं. यहेज्केलच्या सतराव्या अध्यायात देव म्हणतो मी उंच गंधसरूच्या, म्हणजे देवदाराच्या जातीतल्या झाडाच्या, शेंड्याची डहाळी तोडून इस्राएलाच्या उंच डोंगरावर लावीन, तिचा भव्य गंधसरू होईल आणि त्याच्या सावलीत सगळ्या प्रकारची पाखरं राहतील. दानीएलात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरच्या स्वप्नातलं झाड आभाळाला भिडतं, त्याच्याही फांद्यांवर पाखरं. म्हणजे झाड आणि पाखरं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात आधीच साम्राज्य वाजायचं, लबानोनचा गंधसरू, राजवाड्याला लागणारं लाकूड. तर देवाचं राज्य कशासारखं, अशी सुरुवात करून, सगळे गंधसरूची वाट बघत असताना हा म्हणतो, मोहरी. हे म्हणजे सभेत वडाच्या झाडाची तयारी करायची आणि शेवटी मेथीची जुडी दाखवायची.

त्यातून मोहरी काही सज्जन पीक नाही. रोमन लेखक प्लिनीनं त्याच शतकात लिहून ठेवलंय की ही एकदा पेरली की त्या जागेतून हिला काढणं अवघड, दाणा पडला की लगेच उगवतो. यहुदी शास्त्र्यांच्या नियमांत, जे नंतर मिश्नात लिहिले गेले, मोहरी शेतात चालते पण बागेच्या वाफ्यात पेरायची नाही असं येतं. आणि लूकमधला माणूस नेमका ती आपल्या बागेत टाकतो. मत्तयमधे शेतात, मार्कमधे नुसती जमिनीत. कुणी मुद्दाम केलं की लूकला तो नियमच माहीत नव्हता यावर अभ्यासक भांडत बसतात. मला एवढंच दिसतं की पसरणारी, चिवट, वाफ्याची शिस्त मोडणारी आणि वर चोरट्या पाखरांना बोलावणारी ही भाजी आहे, आणि राज्य तसं आहे म्हणतात. आमच्या चर्चमधे या दाखल्यावर दरवर्षी प्रवचन होतं आणि दरवर्षी ते छोट्या सुरुवातीतून मोठं काम होतं या मुक्कामाला जाऊन थांबतं, मंडळाचा इतिहास सांगितला जातो, इमारत फंडाची आठवण करून दिली जाते. मावा कुणीच काढत नाही.

जाता जाता, मोहरीच्या दाण्याशी आपल्याकडची जुनी ओळख आहे. छांदोग्य उपनिषदात हृदयातला आत्मा मोहरीच्या दाण्याहून लहान म्हटलाय, आणि लेकरू गेलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आणायला सांगितलं ती गोष्ट तर नगरकडच्या वाड्या-वस्त्यांवर येशूच्या मोहरीइतकीच माहितीची. आमच्या गावात दोन आळ्यांत दोन मोहऱ्या सांगितल्या जातात. भावकी तीच.

आता पेरणाऱ्याकडं परत येतो, कारण आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं राहिलंय. तिकडं तिफण नव्हती, पिशवीतून मूठ भरून बी फोकायचे. योआकिम येरेमियास नावाचे जर्मन अभ्यासक म्हणायचे की तिकडं आधी बी फोकायचे आणि मग नांगर फिरवून ते मातीआड करायचे, त्यामुळं लोकांनी तुडवून पाडलेली वाट आणि वाळलेले काटे पेरताना रानात असणारच, मागून नांगर येणार आहे, म्हणजे पेरणारा वेंधळा नाही, रीतच तशी. दुसऱ्यांनी त्यावर हरकत घेतली, आधीही नांगरत नंतरही नांगरत, इतकं सोपं नाही. मला हा वाद वाचताना मजा येते कारण एवढे मोठे प्रोफेसर आज्जीच्याच प्रश्नाला भिडलेत. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला पाऊस झाला की, कापणी एप्रिल-मे मधे, आधी जव आणि मग गहू, म्हणजे आपली रब्बीच म्हणा, फक्त त्यांचा पाऊस हिवाळ्यातला.

आणि तो खडक. हे मला फोटो बघताना लक्षात आलं. कफर्णहूम, जिथं येशू राहायचा, तिथली उकरून काढलेली घरं काळ्या दगडाची आहेत. बेसॉल्ट. तोच आपला दख्खनचा काळा पाषाण, ज्वालामुखीचा, गालील सरोवराच्या काठाला तोच. नंतरच्या काळात तिथं बांधलेलं पांढऱ्या चुनखडकाचं सभास्थान उभं आहे ते काळ्या पायावर. इतकी वर्षं मी पवित्र भूमी म्हणजे कॅलेंडरवरची पिवळी वाळू समजत होतो आणि निघाला आमच्या ओढ्यातला दगड. पश्चिमेकडच्या डोंगरात चुनखडी आहे, दाखल्यातली खडकाळी तिथलीही असेल, पण वीतभर माती आणि खाली सलग खडक हे प्रकरण काय असतं ते मला कुणी सांगायची गरज नाही. आमच्या वरच्या बांधाला तसा पट्टा आहे. पेरणी झाली की सगळ्यात आधी तिथंच उगवतं, कारण थोडी माती, लवकर तापते, चार दिवस तो पट्टा सगळ्या रानात उजवा दिसतो, नवीन माणसाला वाटेल इथंच जमीन चांगली. मग पावसानं आठ-दहा दिवस ताण दिला की दुपारी माना टाकतो आणि पंधराव्या दिवशी पाचोळा. माती खोल नसल्यामुळं लगेच उगवलं, असं मार्क लिहितो. हा "लगेच" ज्यानं लिहिला त्यानं किंवा ज्यानं सांगितला त्यानं असा पट्टा बघितलाय, जळताना बघितलाय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेवटी चांगल्या जमिनीतलं बी तीसपट, साठपट, शंभरपट. प्रवचनात इथं आवाज चढतो. आमच्या इथं मात्र कुणाचंच काही चढत नाही, कारण बाजरी. एकरी दीड किलो बी आणि बऱ्या वर्षी चार-पाच क्विंटल, म्हणजे आमचा हिशोब तीनशेपटीत, शंभरपट आलं तर आमच्यात दुष्काळ जाहीर करा म्हणतील. हा आकडा कळायला गहू घ्यावा लागतो. आजही बागायती गव्हाला एकरी ४० किलो बी आणि १४-१५ क्विंटल उतारा म्हणजे पस्तीस-सदतीसपट, तेही सुधारित बी, खत, पाटाचं पाणी सगळं करून. दोन हजार वर्षांपूर्वी लाकडी नांगरावर तीसपट म्हणजे डोळे विस्फारणारच, आणि शंभरपट तर बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, अब्राहामाच्या मुलाला इसहाकाला आलं होतं, देवानं आशीर्वाद दिला म्हणून. म्हणजे त्या पेरणाऱ्यानं वाटेवर सांडलं, पाखरांना घातलं, खडकावर जाळलं आणि तरी त्याला इसहाकाचं पीक आलं. आज्जी म्हणाली असती, मूठ धरली असती तर किती आलं असतं.

ज्याला निसर्गवर्णन म्हणतात ते मला या दाखल्यांत कुठंच सापडत नाही. डोंगर निळे नाहीत, सरोवरावर चांदणं नाही. जे आहे ते कुणाच्या तरी कामात आहे. रानातली भुकमळं घ्या, हा आपल्या मराठी बायबलातला शब्द मला फार आवडतो, येशू म्हणतो शलमोन राजाही आपल्या सगळ्या वैभवात त्यांच्यासारखा सजला नव्हता. पुष्कळांच्या मते ती तिकडं हिवाळ्याच्या शेवटी डोंगरभर फुलणारी लाल अ‍ॅनिमोनी असावीत. ग्रीटिंग कार्डवर वाक्य इथं संपतं. येशूचं संपत नाही, तो म्हणतो हे गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडणार आहे. लाकूडफाटा कमी असलेल्या मुलखात बायका वाळलं गवत, काटक्या, जे मिळेल ते गोळा करून भाकरीची भट्टी पेटवायच्या. म्हणजे फुलाकडं बघणाऱ्या माणसाच्या मागं सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन एक बाई उभी आहे आणि त्यानं तिला बघितलंय. आमच्या आज्जीनं पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर जन्म काढला, तिला फूल सुंदर वाटायचं पण वाळल्यावर ते जळतं कसं हेही ती सांगू शकायची.

गव्हातल्या निदणाचा दाखला हा तिचा सगळ्यात नावडता. मालकानं चांगलं बी पेरलं, रात्री वैरी येऊन निदण पेरून गेला, ओंब्या आल्या तेव्हा गडी म्हणाले काढून टाकू का, मालक म्हणाला नको, निदण काढताना गहूही उपटाल, दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्या. आज्जी म्हणायची, "घ्या! म्हंजी बायांचा रोज बुडाला."

तुम्ही हसाल पण मला या दाखल्यावर याच्याइतकी खरी टिप्पणी कुठं मिळाली नाही. निदण या शब्दातच निंदणी आहे, तण उपटायचं काम, आणि ते काम जून ते सप्टेंबर शेकडो बायकांचं पोट असतं, उन्हात उकिडवं बसून, खुरपं, रेघ धरून पुढं सरकायचं. ते तण असतंही पक्कं, ग्रीकमधे त्याला झिझानिया म्हणतात आणि अभ्यासकांच्या मते ते डार्नेल नावाचं गवत, ओंबी येईपर्यंत हुबेहूब गहू, मुळं गव्हाच्या मुळांत गुंतलेली, आणि त्यात वाढणाऱ्या बुरशीमुळं दाणा विषारी, पिठात गेला तर माणसाला झिंग येते, चक्कर येते. दुसऱ्याच्या पिकात हे पेरणं इतकं माहितीचं होतं की रोमन कायद्यात त्याच्या भरपाईचा विचार केलेला आहे. आपल्याकडं आता वैरी रात्री येऊन कांद्यावर तणनाशक मारून जातो, बातम्या वाचतोच आपण, माणूस काही बदलला नाही, फक्त पंप आला.

तर असं रान बघून कुठलाही शहाणा मालक म्हणेल चला बायांनो खुरपी काढा. पिकाशी तण पाणी ओढतं, खत ओढतं, उतारा पडतो, हे शेंबड्या पोराला कळतं. हा मालक म्हणतो राहू द्या. आज्जीला हा मालक कंजूष वाटायचा. मला लहानपणी आळशी वाटायचा. चर्चमधे भांडणं झाली, दोन गट पडले, कुणाला मंडळीतून काढायचं याच्या मीटिंगा आमच्या ओसरीवर झाल्या, त्या वयात मी चहा फिरवत होतो, तेव्हा पहिल्यांदा हा मालक मला जरा वेगळा दिसला. ज्यांना काढायचं ठरलं त्यांत एक असा माणूस होता ज्याच्या घरून माझ्या आजारपणात महिनाभर दूध आलं होतं. उपटला असता तर काय काय हाताला आलं असतं. बाकी त्या मीटिंगचं पुढं काय झालं ते इथं नको.

मेंढरांचं मी थोडक्यात आटपतो. शंभरातलं एक हरवलं तर तुमच्यापैकी कोण नव्याण्णव रानात सोडून त्याच्या मागं जाणार नाही, असं येशू विचारतो. दरवर्षी आमच्या रानात मेंढ्या बसवायला धनगर येतात, खतासाठी, त्यातल्या एकाला मी हा प्रश्न विचारला. तो म्हणाला कुणीच जाणार नाही, लांडगा नव्याण्णवात घुसला तर? येशूच्या प्रश्नाला अपेक्षित उत्तर "सगळेच जातील" असं धरून आपण दोन हजार वर्षं चाललोय.

जाळ्याचा दाखला मला कळला तो तळकोकणात रापण बघितल्यावर. बायबलात जे जाळं आहे ते फेकायचं गोल जाळं नाही, मोठं ओढायचं, होडीनं लांब नेऊन टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं, म्हणजे रापणच. गालील सरोवर गोड्या पाण्याचं, जेमतेम २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली, १९८६ च्या दुष्काळात पाणी मागं हटलं तेव्हा चिखलात त्या काळातली एक होडी सापडली, आठ मीटरच्या आसपास लांब. त्या जाळ्यात सगळं येतं. मग काठावर बसून निवडायचं, आणि त्यांच्याकडं निवडण्याला धर्माचं कारण होतं, खवलं नसलेला मासा निषिद्ध, म्हणजे मिशावाला मागूर कितीही ताजा असला तरी बाहेर. तारकर्लीला मी बघितलं ते मासे निवडणाऱ्या बायकांचे हात. बोलणं भलत्याच विषयावर चाललेलं, हात आपोआप चाललेले.

आपोआप हा शब्दही मार्कमधे आहे, ग्रीकमधे आउतोमाते, ऑटोमॅटिक त्याच घराण्यातलं. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी कसं वाढतं त्याला कळत नाही, जमीन आपोआप पीक देते, आधी पातं, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. तीनच पायऱ्या. आज्जीच्या हिशोबात कोंब, मग फुटवा, पोटरी, निसवा, फुलोरा, चिक, हुरडा, आणि मग दाणा, आणि प्रत्येक पायरीला काहीतरी वाकडं होऊ शकतं. पण एक रात्र मला आठवते, पोटरीतली ज्वारी, आम्ही राखणीला माळ्यावर झोपलेलो, वारा पडलेला, आणि रानातून बारीक करकर ऐकू येत होती. मी घाबरलो. ती म्हणाली नीज गुमान, कणीस निसवतंय. खरंच त्याचा आवाज येतो की ती मला झोपवत होती हे मी नंतर कुणालाही विचारलेलं नाही.

गेल्या दसऱ्याला गावी गेलो होतो. आज्जी जाऊन वर्षं झाली, रान आता धाकटे चुलते बघतात, अण्णा म्हणतो आम्ही त्यांना. बैल गेले, तिफण पडवीत आडव्याला टांगलेली, चाड्यात कोंबडीनं अंडं घातलेलं. पेरणी ट्रॅक्टरवाला येऊन तासाच्या भाड्यानं करून जातो. वरच्या बांधाला गेलो तर खडकाच्या पट्ट्यातही बाजरीची धाटं उभी, गुडघ्याएवढी, करंगळीएवढी कणसं. मी म्हटलं, अण्णा, एवढी वर्षं बघताय, इथं काही येत नाही, मग दरसाल बी का घालवता?

ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "मग काय तेवढ्यापुरतं यंतर उचलायला सांगू का त्याला? तासावर घेतो तो."

मी म्हटलं आणि बैल होते तेव्हा?

"तव्हा आईच पेरायची की. ती काय कमी होती व्हय. म्हणायची पडू दे दोन दाणे, कुठं आपल्या बापाचं जातंय."

यंदा पाऊस टिकला म्हणून त्या पट्ट्यातून दोन पाट्या कणसं निघाली. वरची अर्धी चिमण्यांनी खाल्लेली.